घोड्याला बरे वाटले, हे कोणी सांगायचे?

भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर सांगा, असे एक जुने कोडे आपल्याकडे घरोघरी घातले जाते. कुणी ते बिरबलाच्या नावावर सांगतात, तर कुणी आजीच्या. उत्तर सर्वांना ठाऊक असते : फिरवले नाही म्हणून. भाकरीचे आणि विड्याच्या पानांचे कारण आजही मुलांना घरच्या घरी दाखवता येते. घोड्याचे तसे नाही. माथेरानचा डोंगर, सारंगखेड्याची यात्रा, शर्यतीचे मैदान किंवा लग्नाची वरात सोडली, तर आपल्या मुलांना घोडा दिसतो तो चित्रातच. त्यामुळे कोड्याचा हा तिसरा भाग आपण पाठ म्हणतो, पण तपासून पाहत नाही.

घोडा का अडतो? फिरवणे शक्य नसेल, तर चोळून, रगडून काम भागते का? आणि भागले तर ते आपल्याला कळते कसे? हे प्रश्न फार जुने आहेत. गेल्या काही दशकांत त्यांना नवे महत्त्व आले आहे. युरोप-अमेरिकेत घोड्यांना मालिश करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. मालिशने स्नायू मोकळे होतात, दुखणे जाते, घोडा अधिक वेगाने धावतो, असे दावे केले जातात. भारतातही शर्यतीच्या आणि रपेटीच्या घोड्यांना मालिश केली जाते. माणसाला मालिश केली तर तो निदान 'बरे वाटले' किंवा 'नाही वाटले' असे सांगतो. घोडा काहीच सांगत नाही. मग त्याला बरे वाटले, हे ठरवायचे कोणी? घोड्याच्या मालिशीचा इतिहास पाहताना आम्हांला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला.

अडलेला घोडा

आधी घोड्याच्या पायांकडे पाहू. त्याच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, तो शरीररचनेच्या दृष्टीने मनगट आहे. त्याच्या खालचा लांब भाग म्हणजे तळहात आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. थोडक्यात, घोडा चारही पायांच्या एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. या 'मनगटा'च्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे हाडे, कंडरा, अस्थिबंध आणि कातडी एवढेच असते.

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात अशी सोय नाही. तेथे हे काम बऱ्याच अंशी खूर करतो. पाऊल टेकले की खूर किंचित पसरतो, त्याच्या आतल्या शिरांच्या जाळ्यावर दाब पडतो आणि रक्त वर जाते. पाऊल उचलले की जाळे पुन्हा भरते. घोडा ठाणबंद राहिला की हा पंप मंदावतो. काही घोड्यांच्या पायांत मग द्रव साठतो आणि पाय सुजल्यासारखे दिसतात. घोड्याला थोडे फिरवले की ही सूज बहुधा उतरते. कोड्याचे उत्तर येथवर बरोबर आहे.

पण घोडा अडण्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो गंभीर आहे. जड गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना इंग्लंडमध्ये रविवारी सुट्टी असे, मात्र चंदी नेहमीइतकीच दिली जाई. सोमवारी कामाला जुंपल्यावर थोड्याच वेळात एखाद्या घोड्याचे पाठीचे व मांड्यांचे स्नायू लाकडासारखे कडक होत, तो घामाघूम होऊन जागीच थबके आणि त्याची लघवी गडद तपकिरी होई. या विकाराला तेथे 'सोमवार सकाळचा आजार' असेच नाव पडले. यात स्नायूंच्या पेशी मोडतात, त्यांतील रंगद्रव्य रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडांना इजा करू शकते. अशा घोड्याला 'फिरवले नाही म्हणून अडला' असे म्हणून फिरवायला घेतले, किंवा ते कडक स्नायू जोराने रगडले, तर हानी वाढण्याचा धोका असतो. येथे पशुवैद्यालाच बोलवावे लागते.

बाहेरून दोन्ही घोडे अडलेलेच दिसतात. एकाला फिरवायचे असते, दुसऱ्याला मुळीच हलवायचे नसते. तेव्हा घोड्याला हात लावणाऱ्याला आधी ओळखता आले पाहिजे आणि मग उपचार करता आले पाहिजेत. हा क्रम लक्षात ठेवून आपण इतिहासाकडे वळू.

एक, तीन, पाच, सात, नऊ

घोड्यांच्या तयारीविषयीचा सर्वांत जुना सविस्तर ग्रंथ मातीच्या विटांवर लिहिलेला आहे. आजच्या तुर्कस्थानात बोआझकोय येथे हित्ती लोकांची राजधानी हात्तुशा होती. तेथील उत्खननात कीलाक्षरांत कोरलेल्या हजारो विटा मिळाल्या. त्यांतल्या काही विटांवर किक्कुली नावाच्या मितानी देशातील अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांच्या तयारीचा दिवसावार कार्यक्रम दिला आहे. त्याचा काळ साधारणपणे इ.स.पू. १५ वे ते १४ वे शतक असा मानतात.

किक्कुलीच्या घोड्यांना एकदम पळवले जात नसे. कोणत्या दिवशी किती अंतर चालवायचे, किती पळवायचे, केव्हा उपाशी ठेवायचे, केव्हा दाणा द्यायचा, केव्हा कोमट पाण्याने धुवायचे, केव्हा नदीवर न्यायचे आणि केव्हा झूल घालायची, हे सारे त्यात नेमून दिले आहे. श्रम, थंडावणे, स्नान आणि विश्रांती यांची ही साखळी पाहून आजचे खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षकही चकित होतात.

मराठी वाचकाला यात आणखी एक आश्चर्य भेटते. हित्ती भाषेतल्या या मजकुरात फेऱ्यांसाठी काही परके शब्द आले आहेत : ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. त्यांतले एक, त्रि, पंच, सप्त, नव आणि 'वर्तन' म्हणजे वळणे, फिरणे हे ओळखायला भाषाशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. मितानी राज्यातील अश्वविद्येत संस्कृतच्या जवळची एक भाषा वापरात होती, याचा हा ठळक पुरावा मानला जातो. घोडा फिरवायचा असतो, हे आपल्या कोड्याच्या कितीतरी आधी आणि आपल्याला ओळखू येणाऱ्या शब्दांत कुणीतरी लिहून ठेवले होते.

पाठीला फक्त हात

किक्कुलीचा भर चालीवर आहे. चोळण्याविषयी नेमके बोलणारा पहिला मोठा लेखक म्हणजे ग्रीसमधील झेनोफन. तो सॉक्रेटिसचा शिष्य होता, सैनिक होता आणि त्याचे आयुष्य घोड्यांत गेले होते. इ.स.पू. चौथ्या शतकात त्याने अश्वारोहणावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. खरारा कसा करावा यावर त्यात स्वतंत्र सूचना आहेत. अंगावरची धूळ साधनांनी काढावी, पण पाठीच्या कण्यावरच्या केसांना साधन लावू नये. तेथे केवळ हाताने, केसांच्या वाढीच्या दिशेने चोळावे, म्हणजे स्वार बसतो त्या जागेला इजा होणार नाही. पाय रोज धुऊ नयेत, कारण रोजच्या ओलीने खूर बिघडतात. तेही हाताने चोळून स्वच्छ करावेत.

शिंगराविषयीची त्याची सूचना तर याहून मोलाची आहे. शिंगराला माणसाची सवय लावताना जेथे हात फिरवलेला त्याला सर्वाधिक आवडतो, तेथे हात फिरवावा. या जागा म्हणजे दाट केसांचे भाग आणि जेथे काही टोचले-चावले तर घोड्याला स्वतःला पोहोचता येत नाही ते भाग. आवडीची जागा घोड्याच्या वागण्यावरून ठरवायची, हा विचार त्यात आहे. या सूचनेकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

पुढे इ.स. पहिल्या शतकात रोममधील शेतीविषयक लेखक कोलुमेला याने लिहिले, की माणसांप्रमाणे जनावरांचे अंगही रोज चोळले पाहिजे. त्याच्या मते भरपूर खाऊ घालण्यापेक्षा हाताने दाबून पाठ रगडल्याचा पुष्कळदा अधिक फायदा होतो. हे त्याचे अनुभवाचे बोल होते. 'अधिक फायदा' म्हणजे किती आणि तो कसा मोजायचा, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडण्याचे कारण नव्हते.

पागेतील माणसे

भारतात अश्वविद्येची परंपरा शालिहोत्र या नावाशी जोडलेली आहे. आयुर्वेदातील वात, पित्त, कफ ही मांडणी या परंपरेने घोड्यांना लागू केली. उत्तर भारतात घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. या ग्रंथांत घोड्याच्या शरीराचे बारीक निरीक्षण आहे. त्याचबरोबर कोणत्या जागी केसांचा भोवरा असला तर घोडा शुभ आणि कोणत्या जागी असला तर अशुभ, याचीही लांबलचक वर्णने आहेत. आजही घोड्यांच्या बाजारात भोवरे पाहिले जातात आणि चांगला धडधाकट घोडा भोवऱ्यापायी नाकारला जातो. परंपरेने आपल्या हाती सोपवलेल्या गोष्टींत ज्ञान आणि समजूत दोन्ही मिसळलेली असतात. ती वेगळी करण्याचे काम आपले आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक पूर्ण प्रकरण आहे. हा ग्रंथ इ.स.पू. तिसरे ते इ.स. तिसरे शतक या दरम्यान आजच्या रूपात आला, असे अभ्यासक मानतात. त्यात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालण्यास सांगितले आहे. चंदीबरोबर तेल-तुपाचे प्रमाण दिले आहे. घोड्यांच्या सेवेत कोण कोण असावे, याची यादीही आहे : दोर धरणारा, घोडे बांधणारा, वैरण आणणारा, दाणा शिजवणारा, ठाणाची राखण करणारा, केस कापणारा आणि विषवैद्य. यांपैकी कुणी कामात कुचराई केली तर त्याचा एका दिवसाचा पगार कापावा, असा नियम आहे. वैद्याच्या चुकीमुळे दुखणे वाढले तर त्यालाही दंड आहे. लढाई, रोग किंवा म्हातारपण यांमुळे निकामी झालेल्या घोड्यांनाही पोटापुरते खाणे द्यावे, असेही सांगितले आहे.

अकबराच्या काळातील 'ऐन-इ-अकबरी'त अशीच पगारी नोकरांची यादी मिळते. तीत सईस आहे, नालबंद आहे, घोड्यांचा वैद्य म्हणजे बैतार आहे. शिवाय दृष्ट लागू नये म्हणून घोड्यांसमोर सिपंद नावाच्या वनस्पतीचे बी जाळणारा एक नोकरही आहे! वैद्य आणि दृष्ट काढणारा एकाच तबेल्यात, एकाच खजिन्यातून पगार घेत होते.

मराठ्यांच्या लष्करात घोड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. तीनुसार दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद असे. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याकरिता साठवलेला दाणा आणि वैरण जपून वापरा, पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतकी बारीक काळजी त्यात घेतलेली दिसते.

या साऱ्या कागदांत घोडा आहे, स्वार आहे, सरदार आहे. मोतद्दार मात्र फार थोडा दिसतो. पहाटे उठून ठाणातली लीद काढणारा, खरारा करणारा, पायांवरून हात फिरवून कुठे ऊन लागते का ते पाहणारा, घामाने निथळत आलेला घोडा सावकाश फिरवून थंड करणारा माणूस हाच. खोगिराखाली पाठ सोलवटली आहे, हे सर्वांत आधी त्याच्याच बोटांना कळे. पण तो लिहीत नव्हता. जे लिहिले ते झेनोफनसारख्या स्वारांनी, राजपुरुषांनी आणि पंडितांनी. मोतद्दाराचे ज्ञान त्याच्या हातात होते. ते मुलाच्या किंवा पुतण्याच्या हातात गेले आणि पुष्कळसे त्या हातांबरोबरच संपले.

घोडा रस्त्यावरून गेला

१७६२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बूर्झला याने पशुवैद्यकाची पहिली शाळा सुरू केली. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. मुंबईच्या रस्त्यांवर त्या वेळी घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या आणि बंदरात अरबस्तान व ऑस्ट्रेलियातून घोडे उतरत होते. घोड्याचे दुखणे आता शास्त्राचा विषय झाले. नेमका तोच घोड्याच्या उतरत्या काळाचा आरंभ ठरला. विजेची ट्राम, मोटार आणि ट्रॅक्टर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत कामाचा घोडा झपाट्याने नाहीसा झाला.

जे उरले ते बहुतांशी खेळाचे घोडे. खेळाच्या घोड्याचे दुखणे वेगळे असते. तो लंगडत नाही, पण पूर्वीइतके लांब पाऊल टाकत नाही, एका बाजूला वळायला कुरकुर करतो, खोगीर घालताना कान मागे टाकतो. अशा अस्पष्ट तक्रारींवर औषधाची बाटली सापडेना, तेव्हा लोक पुन्हा हाताकडे वळले. अमेरिकेत लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी १९६० च्या दशकात खेळाच्या घोड्यांच्या मालिशीवर लेखन केले. १९८५ मध्ये जॅक मीगर यांचे घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवरचे पुस्तक आले. खेळाडूंसाठी वापरली जाणारी मालिश त्यांनी घोड्यांकडे वळवली होती. त्यानंतर अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे आणि दवाखाने निघाले.

यामागचा एक शरीरशास्त्रीय विचार रास्त आहे. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे धड दोन्ही पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. स्वाराचे वजन बरेचसे या झोळीवर येते, तेव्हा तेथील स्नायू आखडणे स्वाभाविक आहे. पण याबरोबर इतरही समजुती रूढ झाल्या. मालिशने स्नायूंतले 'लॅक्टिक आम्ल' निघून जाते, ही त्यांतली एक. श्रमानंतर वाढलेले लॅक्टेट शरीर आपण होऊनच थोड्या वेळात वापरून टाकते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचे कारण ते नाही, स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा हे आहे. माणसांवरील प्रयोगांतही मालिशने लॅक्टेट लवकर नाहीसे होते असे दिसून आलेले नाही.

हुशार हान्सचा धडा

मालक मात्र सांगतो, 'मालिशनंतर माझा घोडा अगदी मोकळा चालू लागला.' मालक खोटे बोलत नसतो. मग त्याच्या शब्दावर विसंबायला हरकत काय?

याचे उत्तर बर्लिनमधील एका घोड्याने देऊन ठेवले आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो आणि खूर आपटून उत्तर देतो, अशी कीर्ती होती. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा फसवणुकीचा काहीही पुरावा मिळाला नाही. पुढे ओस्कार फुंग्स्ट याने पद्धतशीर प्रयोग केले आणि ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा हान्सला तो दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुकत असे. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि हान्स थांबे. हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता.

आमच्या विषयासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे प्रामाणिक माणूसही घोड्यात आपल्याला हवे ते पाहतो. पैसे आणि माया खर्च करून मालिश करून घेतलेला मालक सुधारणा शोधत असतो आणि ती त्याला सापडते. दुसरी म्हणजे घोडा माणसाच्या सूक्ष्म हालचालींना प्रतिसाद देतो. मालिशनंतर मालकच निर्धास्तपणे खोगिरावर बसला, तर घोडाही वेगळा चालू शकतो. म्हणून मालकाचे मत हा पुरावा पुरत नाही. घोड्यालाच विचारण्याची काही रीत शोधायला हवी.

घोड्याला विचारण्याच्या रीती

अशी एक रीत म्हणजे हृदयाचे ठोके. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात. भीती, वेदना वा उत्तेजना असेल तर ते वाढतात. फ्रान्समध्ये क्लॉडिया फे आणि जान द मझिएर यांनी कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. कळपातले घोडे तोंड-शेपूट असे उलटसुलट उभे राहून एकमेकांना दातांनी खाजवतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. यात ते एका ठरावीक जागेला पसंती देतात : मान संपून पाठ सुरू होते, तो उंचवट्याजवळचा भाग. तेथे घोड्याचे स्वतःचे तोंड पोहोचत नाही. संशोधकांनी हाताने तसेच खाजवले, तेव्हा हृदयाचे ठोके कमी झाले. दुसऱ्या, घोड्यांना विशेष न आवडणाऱ्या जागी खाजवल्यावर तसा परिणाम दिसला नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधील एका प्राथमिक अभ्यासात दहा घोड्यांच्या सहा जागी मालिश करून पाहिली. त्यातही मान, हा उंचवटा आणि पुठ्ठा येथे ठोके सर्वाधिक उतरले. जेथे घोड्याला स्वतःला पोहोचता येत नाही तेथे हात फिरवा, हे झेनोफनने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सांगितले होते.

दुसरी रीत दाबाची. एका उपकरणाने पाठीवर हळूहळू दाब वाढवत नेतात आणि घोडा अंग चोरतो तेव्हाचा आकडा टिपतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ घोड्यांवरच्या अभ्यासात सात दिवसांनंतर हा आकडा मालिशीच्या गटात १२ टक्के, वेदनाशामक औषधाच्या गटात ८ टक्के आणि कण्याच्या हस्तोपचाराच्या गटात २७ टक्के वाढला. काहीही उपचार न केलेल्या गटांत तो जवळजवळ जागीच राहिला. हे आकडे मालिशीच्या बाजूचे दिसतात. पण त्या अभ्यासातील घोड्यांना मुळात पाठदुखीची लक्षणे नव्हती. निरोगी पाठ थोडा अधिक दाब सोसू लागली, यावरून आजारी पाठ बरी होईल असे म्हणता येत नाही. या क्षेत्रातील अलीकडच्या आढाव्यांचा सूरही सावध आहे : प्रयोग थोडे, घोडे कमी, पद्धती वेगवेगळ्या, म्हणून ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही.

तिसरी रीत चेहऱ्याची. २०१४ मध्ये इटलीतील एमान्युएला दाल्ला कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेत घोड्याचा चेहरा कसा बदलतो याचे मोजमाप सुचवले. मागे ताठ झालेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, फुगून दिसणारे चर्वणाचे स्नायू, आवळलेले तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या, अशी त्याची सहा लक्षणे आहेत.

मग चेहऱ्यावरून सुखही ओळखता येईल का? २०१८ मध्ये फ्रान्समधील लेआ लान्साद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या ठरलेल्या पद्धतीने खरारा केला, घोडा कसाही वागो. दुसऱ्या गटात खरारा करणारा घोड्याकडे पाहत राही. आवडले तर तेथे रेंगाळे, नावडले तर हात काढून घेई. दुसऱ्या गटातील घोड्यांचे डोळे अर्धवट मिटू लागले आणि वरचा ओठ पुढे लांबला, स्थिर राहिला किंवा थरथरला. पहिल्या गटात मान ताठ वर आणि ओठ आवळलेले अशी चिन्हे अधिक दिसली. म्हणजे आपण सेवा समजून करतो तो खरारा पुष्कळ घोडे केवळ सोसत असतात! खरारा करणाऱ्याने घोड्याकडे लक्ष दिले की नाही, यावर सारा फरक पडला.

हातातले ज्ञान

हे सारे एकत्र ठेवून आपण काय म्हणू शकतो? योग्य जागी, घोड्याचा प्रतिसाद पाहून फिरवलेल्या हाताने घोडा शांत होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. मालिशने दुखणे बरे होते किंवा वेग वाढतो, याला तो तितकासा नाही. आणि रोज अंगावरून फिरणारा हात सूज, ऊब, जखम आणि अंग चोरणे सर्वांत आधी ओळखू शकतो, यासाठी प्रयोगाचीही फारशी गरज नाही. अडलेल्या दोन घोड्यांतला फरक ओळखायला तोच हात लागतो. मोतद्दार उपचारक होता की नव्हता, यावर वाद घालता येईल. तो निरीक्षक निश्चित होता. त्याच्या निरीक्षणाची वही कुणी ठेवली नाही, एवढेच.

हा विषय वर्गात आणायला घोडा लागत नाही. मुलांना जोड्यांत बसवून एकमेकांची नाडी मोजायला सांगावी. मग पाच मिनिटे एकाने दुसऱ्याचे खांदे हलक्या हाताने दाबावेत आणि पुन्हा नाडी मोजावी. बहुतेकांची नाडी उतरलेली आढळेल. येथे थांबू नये. काही जोड्यांना पाच मिनिटे नुसतेच शांत बसवून नाडी मोजायला लावावी. ती किती उतरली? मग मालिशचा वाटा किती आणि बसण्याचा किती? नाडी मोजणाऱ्याला आधी काय झाले हे ठाऊक नसेल, तर आकडे बदलतात का? हुशार हान्सची गोष्ट यानंतर सांगितली, तर ती मुलांना अधिक पटेल.

गावात घोडा, बैल किंवा म्हैस असेल, तर मालकाच्या परवानगीने, तो जवळ असतानाच आणि सुरक्षित अंतर राखून, खरारा किंवा अंग घासणे चालू असताना जनावराचे कान, डोळे आणि ओठ यांच्या नोंदी मुलांना करू द्याव्यात. हात कोणत्या जागी असताना जनावर मान लांबवते आणि कोणत्या जागी कातडी थरथरवते, हे लिहून ठेवावे. शेवटी जनावराची निगा राखणाऱ्या माणसाला त्या नोंदी दाखवून त्याचे काय म्हणणे आहे ते विचारावे. आपल्याला तासाभरात जे दिसले, त्यापेक्षा कितीतरी अधिक त्याला ठाऊक असण्याचा संभव आहे. तेही वहीत उतरवून घ्यावे.